साध्या घराला अस्सल कापड लागते

कापडाच्या बाजारात एक समजूत पक्की बसलेली आहे. घर सजवायचे म्हणजे चकाकणारे कापड, जरीची किनार, मखमली पडदे आणि सगळे काही एका रंगात मॅचिंग. याच्या उलट, साधेपणाने राहायचे म्हणजे स्वस्त माल. ग्राहकाने "गावाकडच्या घरासाठी काही दाखवा" असे म्हटले की आपला नोकर सर्वांत खालच्या फळीवरचा माल काढतो. आमच्या मते ही समजूत धंद्याला नुकसान करणारी आहे आणि ज्या कारागिरांच्या हुनरावर आपला बाजार उभा आहे त्यांचे तर तिने फारच नुकसान केले आहे.

मुंबई-पुण्याचे ऐपतदार लोक आता अलिबाग, कर्जत, मुळशी, पाचगणी या भागांत दुसरे घर बांधतात. त्यांचे इंटिरिअर डिझायनर आपल्या दुकानांत येतात, पण चकाकीच्या मालाला हातही लावत नाहीत. धुऊन मऊ झालेले सुती कापड, लाकडी ठशाचा छाप, सतरंजी, जाड मांजरपाट, गादीच्या पट्ट्यांचे कापड असला माल ते मागतात. पुष्कळ दुकानदार त्यांना हसतात. कोणी म्हणतो, श्रीमंतांचे चोचले आहेत. कोणी म्हणतो, चार दिवसांची फॅशन आहे. हसण्याआधी ही मागणी कुठून आली आणि तिच्यामागे कोणता विचार आहे हे व्यापाऱ्याने समजून घेतले पाहिजे. तो विचार इंग्लंडमध्ये तयार झाला. त्यात वापरले गेलेले मुख्य कापड मात्र मुळात आपल्या देशाचे आहे.

फर्निचर रंगवणारा कारागीर

गावाकडचे निवांत घर कसे सजवावे याची जी रीत आज जगभर 'इंग्लिश कंट्री हाऊस' या नावाने ओळखली जाते, तिच्यामागे दोन माणसे प्रमुख आहेत. एक जॉन फाउलर (१९०६-१९७७) आणि दुसऱ्या नॅन्सी लँकेस्टर (१८९७-१९९४).

फाउलर हा काही मोठ्या घरातला माणूस नव्हता आणि डिझाईनच्या कॉलेजातही गेला नव्हता. त्याची सुरुवात हाताच्या कामाने झाली. चिनी पद्धतीचे वॉलपेपर रंगवणे आणि लंडनच्या पीटर जोन्स या दुकानासाठी जुने-नवे फर्निचर रंगवणे हा त्याचा रोजगार होता. १९३८ साली लेडी सिबिल कोलफॅक्स या बाईंनी त्याला आपल्या सजावटीच्या पेढीत घेतले. पुढे 'कोलफॅक्स अँड फाउलर' हे तिचे नाव झाले. नॅन्सी लँकेस्टर या अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतातल्या. लग्नानंतर त्या इंग्लंडला आल्या. केल्मार्श हॉल आणि डिचली पार्क ही खेड्यातली दोन मोठी घरे त्यांनी अशी काही मांडली की पाहुणे त्या घरांचे नाव काढू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कोलफॅक्स बाईंची पेढी नॅन्सी यांच्याकडे आली आणि फाउलर त्यांचा जोडीदार झाला. दोघांची भांडणे इंग्लंडभर प्रसिद्ध होती, पण कामाची नजर एक होती.

ही नजर काय होती? घर पाहणाऱ्याला असे वाटले पाहिजे की इथे कोणी सजावट केलेलीच नाही. पिढ्यान् पिढ्या माणसे इथे राहिली, एकेक वस्तू येत गेली, पडद्यावर उन्हे पडत गेली आणि घर आपोआप असे झाले. प्रत्यक्षात त्यातली एकही गोष्ट आपोआप झालेली नसे. भिंतीच्या पांढऱ्या रंगातसुद्धा फाउलर तीन-तीन छटा वापरी, म्हणजे नक्षीवर उजेड-सावली नीट पडावी. पुढे 'नॅशनल ट्रस्ट' या ब्रिटनमधल्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेने आपल्या ताब्यातल्या जुन्या घरांसाठी याच माणसाचा सल्ला घेतला.

फाउलरने १९४७ साली हॅम्पशायरमध्ये ओडिहॅम गावाजवळ स्वतःसाठी एक लहानसे विटांचे घर घेतले. 'हंटिंग लॉज' या नावाने ते ओळखले जाते. राजवाड्यासारख्या घरांची कामे करणाऱ्या माणसाचे स्वतःचे घर लहान आणि साधे होते. मरताना ते घर त्याने नॅशनल ट्रस्टला देऊन टाकले. गावाकडच्या घराची त्याची सगळी रीत या लहान घरात पाहायला मिळत असे, म्हणून डेकोरेशन शिकणारे लोक आजही त्या घराचे फोटो अभ्यासतात.

त्यांच्या कामाची रीत

आपल्या व्यापाऱ्यांनी आणि टेलरिंग, गादीकाम, सुतारकाम करणाऱ्या कारागिरांनी या रीतीतल्या पाच गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, घराचा विचार वापरापासून सुरू होतो. खुर्ची कुठे शोभते हे नंतर. त्या खुर्चीत बसून कोणी वाचणार आहे का, वाचणार असेल तर दिवा कुठे, चहाचा कप ठेवायला छोटे टेबल कुठे, हे आधी. नॅन्सी लँकेस्टर यांनी न्हाणीघरातसुद्धा शेगडी, गालिचा आणि बसायला खुर्ची ठेवली, कारण थंड देशात अंघोळीचे सुख ऊब असेल तरच. चिखलाचे बूट, कुत्री आणि लहान मुले घरात येणारच, हे धरून कापड निवडायचे. त्यामुळे सोफ्याला ठोकून बसवलेल्या कापडापेक्षा काढून धुता येणारी खोळ त्यांना पसंत असे.

दुसरी गोष्ट, सेट नको. पडदा, सोफा, उशी, गालिचा एकाच डिझाईनचे असतील तर खोली दुकानाच्या शोरूमसारखी दिसते. एक मोठ्या फुलांचा छाप, त्याच्यासोबत एक पट्टा, एक बारीक चौकडी आणि बाकी सगळे साधे, असा हिशेब. या सगळ्यांतून एखादा रंग धाग्यासारखा फिरत राहतो, तेवढे मॅचिंग पुरे.

तिसरी गोष्ट, भारी जागेला हलके कापड. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ या काळात कापडावर रेशनिंग होते. फाउलरने त्या दिवसांत लष्करी ब्लँकेटे रंगवून पडदे केले, पॅराशूटचे कापड वापरले, अस्तराचे स्वस्त सुती कापड दर्शनी बाजूला लावले. टंचाई संपल्यावरही त्याची ही सवय गेली नाही. पण एक भेद ध्यानात घ्यावा. कापड स्वस्त असले तरी शिवण स्वस्त नसे. पडद्याला दर्शनी कापड, मध्ये मऊ भरणी आणि मागे अस्तर असे तीन थर, हाताची शिवण, कडेला मगजी, वर झालर. अठराव्या शतकातल्या पोशाखांच्या कडा कशा कातरल्या जात, हे पाहून फाउलर पडद्यांच्या कडा तशा कातरून घेई. तिथे मांजरपाटाला मान मिळाला तो शिवणाऱ्याच्या हातामुळे.

चौथी गोष्ट, नवेपणा लपवायचा. नॅन्सी लँकेस्टर नवी छींट उन्हापावसात टाकून ठेवीत, चहाच्या पाण्यातून काढीत, असे सांगितले जाते. उद्देश हा की रंगाचा भडकपणा जाऊन कापड घरात मुरलेले दिसावे. आपण माल नवा करकरीत दिसावा म्हणून त्याला खळ मारतो. त्यांचा ग्राहक ती खळ काढून टाकण्यासाठी जादा पैसे देतो.

पाचवी गोष्ट, घाई नाही. घर एका हप्त्यात पुरे करायचे नाही. एक खोली झाली, वापरली, मग पुढची. आपल्या उधारीच्या बाजाराला ही चाल संथ वाटेल. पण असा ग्राहक दहा वर्षे त्याच दुकानात येतो आणि दर वेळी त्याला आधीच्याच जातीचे कापड पुन्हा लागते.

छींट कोणाची?

या घरांचे मुख्य कापड म्हणजे छापील सुती कापड. इंग्रज त्याला 'चिंट्झ' म्हणतात. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. छींट म्हणजे शिंतोडा, ठिपका. शब्द आपला आणि मालही आपला. सतराव्या शतकात मच्छलीपट्टणमच्या बाजूने, कोरोमंडल किनाऱ्यावरून ही छींट जहाजे भरभरून युरोपला जाई. कलमाने रेखाटायची म्हणून तिथे तिला कलमकारी म्हणत. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत या हुनराला आश्रय होता.

त्या कापडाचे रहस्य रंगात होते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचे. लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग करायचा. तुरटीने रेघा काढून मंजिष्ठ किंवा त्या किनाऱ्यावरच्या चाय नावाच्या मुळीत कापड उकळले की तुरटी लागलेल्या जागी लाल रंग पक्का बसे. निळीसाठी बाकीचा भाग मेणाने झाकायचा. शेवटी खळ देऊन शंखाने घोटायचे, म्हणजे कापडावर तुकतुकी येई. धुतले तरी रंग जात नाही, उलट खुलतो, हे युरोपच्या लोकांनी तोवर पाहिलेलेच नव्हते.

परिणाम काय झाला? तिथले विणकर बुडायला लागले. फ्रान्सने १६८६ साली छापील सुती कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत राहिली. इंग्लंडने १७०० साली कायदा करून छापील कापडाची देशात वापरासाठी होणारी आयात बंद केली. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे छापील झगे फाडले. १७२१ च्या कायद्याने असे कापड अंगावर घालणे आणि घरात वापरणे हाही गुन्हा ठरला. हा कायदा १७७४ साली उठला, पण तोवर तिथले लोक छापकाम शिकले होते. पुढे यंत्रे आली आणि तोच माल उलट आपल्याकडे विकायला येऊ लागला. फाउलरने विसाव्या शतकात जे जुने छाप शोधून पुन्हा काढले, त्यांच्या फुला-वेलींची मुळे बऱ्याच अंशी याच छींटीत आहेत.

हा इतिहास आम्ही अभिमान मिरवण्यासाठी सांगत नाही. पक्क्या रंगाचा आणि हाताच्या कामाचा माल अडवायला दोन राज्यांना कायदे करावे लागले. दराने किंवा चकाकीने तो माल अडला नव्हता. ज्या मालाला आज आपण खालच्या फळीवर ठेवतो, तो हा माल आहे.

हुनर अजून जिवंत आहे

राजस्थानात सांगानेर आणि बगरू, मध्य प्रदेशात बाघ, गुजरातेत कच्छ, या ठिकाणी छिपा आणि खत्री समाजाचे लोक आजही लाकडी ठशाने छापतात. यांतले पुष्कळ कारागीर मुसलमान आहेत. कच्छच्या धमडका गावात अजरख छापणाऱ्या खत्री कुटुंबांची घरे २००१ च्या भूकंपात पडली. त्यांच्यापैकी अनेकांनी भुजजवळ अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले. धमडक्याच्या पाण्यात लोखंड वाढल्याने रंग बिघडत होता, हेही एक कारण होते. पाणी बदलले की लाल रंग बदलतो, हे जाणणारी ही माणसे आहेत. तिथले इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली इंग्लंडच्या लेस्टर शहरातल्या डी माँटफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

बाजार कसा उभा राहतो याचीही उदाहरणे आहेत. जॉन बिसेल या अमेरिकन माणसाने १९६० साली दिल्लीत 'फॅबइंडिया' सुरू केली, ती मुळात घरगुती कापडाच्या निर्यातीसाठी. पानिपतच्या सतरंज्या आणि हातमागाचे जाडे कापड तो परदेशात पाठवी. लंडनच्या टेरेन्स कॉनरन यांचे 'हॅबिटॅट' हे त्याचे मोठे गिऱ्हाईक होते. आपल्या देशात पहिले दुकान त्याने १९७६ मध्ये काढले. म्हणजे सोळा वर्षे आपली सतरंजी बाहेरचे लोक दिवाणखान्यात अंथरत होते आणि आपण ती लग्नाच्या मांडवापुरती ठेवली होती.

दुसरे उदाहरण लॉरा अ‍ॅशले यांचे. १९५३ साली या बाई आणि त्यांचे पती यांनी लंडनच्या आपल्या घरात, स्वयंपाकाच्या टेबलावर स्क्रीनने रुमाल छापायला सुरुवात केली. भांडवल दहा पौंड. जुन्या खेडेगावच्या घरातले बारीक फुलांचे छाप सामान्य माणसाला परवडेल अशा दरात त्यांनी दिले आणि जगभर दुकाने निघाली. पण फॅशनचा वारा फिरतो. १९९६ मध्ये 'आयकिया' या स्वीडिश कंपनीने ब्रिटनमध्ये छींट घराबाहेर फेकून द्या अशा अर्थाची जाहिरात केली आणि लोकांनी ती ऐकली. लॉरा अ‍ॅशले कंपनी २०२० च्या मार्चमध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. त्याची कारणे अनेक असतील. पण छींट मात्र मेली नाही. अलीकडच्या वर्षांत ती पुन्हा तिथल्या घरांत आली आहे. म्हणून एकाच डिझाईनचे शेकडो तागे भरून ठेवणाऱ्याने सावध राहावे. छाप येतो-जातो, चांगले सूत, पक्का रंग आणि हातकाम यांना मागणी टिकते.

आपल्याच गावांत काय चालले आहे

हे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर कोकणातली आपली घरेही आहेत. महाड, श्रीवर्धन, दापोली, चिपळूण या बाजूला आखातात कमावलेल्या पैशातून चांगली घरे उभी राहिली. मेहनतीचा पैसा आहे, कोणी बोलण्याचे कारण नाही. पण त्या घरांत पाहावे तर संगमरवरी फरशी, मखमलीचे जाड पडदे आणि सोफ्यावर अजून काढले न गेलेले प्लॅस्टिक. पावसाळ्यात त्या पडद्यांना बुरशी येते, प्लॅस्टिकवर घाम येतो आणि घरातली माणसे मागच्या पडवीत चटईवर बसतात. जुन्या घरातल्या सतरंज्या, जाजमे, गोधड्या, शिसवी पेट्या भंगारवाल्याला गेल्या. तेच सामान मुंबईचा डिझायनर चोरबाजारातून दसपट किमतीला उचलतो आणि अलिबागच्या फार्महाऊसमध्ये मांडतो.

इथे एक आक्षेप येईल. इंग्लंड थंड देश, तिथले आपल्याला कसे लागू पडेल? आक्षेप बरोबर आहे. तिथला तीन थरांचा पडदा कोकणात लावणे मूर्खपणा ठरेल. नक्कल करू नये, रीत घ्यावी. वापरापासून सुरुवात, काढून धुता येणारी खोळ, हवेशीर सूत, एका अस्तराचा किंवा बिनअस्तराचा पडदा, आणि घरातली जुनी वस्तू न टाकता तिला जागा देणे, हे सगळे आपल्या हवेला चालते. आपल्या राज्यात त्यासाठी मालाची कमतरता नाही. सोलापूरची चादर आहे, मालेगाव-भिवंडी-इचलकरंजीचा कोरा कपडा आहे, छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद) हिमरू आहे, जरी त्याचे हातमाग आता फार थोडे उरले आहेत. छापाला लागणारा हिरडासुद्धा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होतो. नाही ती फक्त या सगळ्याची सांगड घालणारी व्यापाऱ्याची नजर.

व्यापाऱ्याने काय करावे

आता मुद्द्याची गोष्ट. साध्या घराचा ग्राहक दिसायला सोपा, पण आहे फार काटेकोर. चकाकीच्या मालात दोष झाकला जातो. साध्या कापडात सूत, रंग आणि पन्हा सगळे उघडे पडते. म्हणून या व्यापारात उतरणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्यात.

पन्ह्याचा हिशेब आधी करावा. समजा खिडकी सहा फूट रुंद आहे. चुण्या नीट पडण्यासाठी दुप्पट कापड धरले तर १४४ इंच झाले. पन्हा ५४ इंचांचा असेल तर तीन पट्टे, ४४ इंचांचा असेल तर चार. सात फूट उंची आणि दुमड-शिवणीला एक फूट मिळून ९६ इंच, म्हणजे जवळजवळ २.४४ मीटर. तीन पट्ट्यांना ७.३२ मीटर, चार पट्ट्यांना ९.७६. दहा खिडक्यांच्या घरात २४ मीटरचा फरक पडतो. छापणारा कारागीर ड्रेसच्या पन्ह्यावरच छापत राहिला तर डिझायनर त्याचा माल पसंत करूनही घेत नाही, आणि कारागिराला कारण कधी कळत नाही. ते कारण त्याला सांगणे आणि रुंद पन्ह्याचे कोरे कापड त्याच्यापर्यंत पोचवणे हे आपले काम आहे.

माल विकण्याआधी स्वतः पारखावा. ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का ते पाहावे. तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून पंधरा दिवस उन्हात ठेवावा. मीटरभर तुकडा तीनदा धुऊन किती आटतो ते मोजावे. शेकडा ५ आटला तर सात फुटांचा पडदा चार इंच वर जातो. ऊन खाऊन सगळीकडे सारखा मऊ पडलेला रंग या ग्राहकाला आवडतो. एका धुण्यात शेजारच्या पांढऱ्यावर उतरणारा रंग कोणालाच आवडत नाही. या दोहोंतला फरक दुकानदाराला सांगता आला पाहिजे.

लॉटची नोंदवही ठेवावी. हाताच्या छापात दोन लॉट तंतोतंत सारखे येत नाहीत. हा ऐब नव्हे, पण तो आधी सांगितला नाही तर भांडण होते. एका खोलीचा माल एकाच लॉटमधून द्यावा, प्रत्येक लॉटचा हातभर तुकडा तारखेसह जपून ठेवावा.

मालाचे नाव खरे सांगावे. आज डिजिटल आणि स्क्रीनचा माल 'हँडब्लॉक' म्हणून सर्रास विकला जातो. ठशाचा माल ओळखणे कठीण नाही. दोन ठसे जुळतात तिथे किंचित फट किंवा चढ दिसतो आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. मशीनच्या छापात चूकसुद्धा ठराविक अंतराने तीच तीच येते. सरकारचा २००६ पासूनचा 'हँडलूम मार्क' हा हातमागावर विणल्याची खूण आहे, छाप हाताचा असल्याची नव्हे. पुष्कळ दुकानदार ग्राहकाला याबाबत गोंधळात ठेवतात. स्क्रीनचा माल स्क्रीनच्या नावाने विकण्यात कमीपणा नाही, त्याचेही घर चालते. पण तो ठशाच्या नावाने विकला की ज्याच्या घरात चार पिढ्या ठसा चालला त्याला स्क्रीनचा दर मिळतो. मग त्याचा मुलगा रिक्षा घेतो किंवा आखातात जातो, आणि दहा वर्षांनी अस्सल माल मागणाऱ्या ग्राहकाला द्यायला आपल्याजवळ काही राहत नाही.

शेवटची बाब नमुन्याच्या पैशाची. डिझायनर मंडळी वारंवार नमुने मागतात. रंग थोडा उतरवा, वेल थोडी मोठी करा, पुन्हा छापून पाठवा. हा त्यांच्या कामाचा भाग आहे, तक्रार नाही. पण आमच्याच एका व्यवहारात एका डेकोरेटरने सहा वेळा नमुने करून घेतले, त्यासाठी दोन ठसे नवे कोरावे लागले, आणि ऑर्डर दिली नाही. काही महिन्यांनी तोच छाप स्क्रीनवर उतरलेला आम्ही दुसऱ्या शहराच्या बाजारात पाहिला. कोरणावळ आम्ही कारागिराला दिली, पण त्याची मांडणी आणि मेहनत फुकट गेली. तेव्हापासून आमचा दस्तूर ठरला आहे. दोन नमुने विनामूल्य, पुढच्या प्रत्येक नमुन्याचा मेहनताना आणि ठशाची कोरणावळ आगाऊ. ऑर्डर आली तर ती रक्कम बिलातून वजा. प्रामाणिक डिझायनर याला नाही म्हणत नाही. एकट्या दुकानदाराने असे केले तर गिऱ्हाईक शेजारी जाते. म्हणून हा दस्तूर बाजारातल्या सगळ्या पेढ्यांनी मिळून ठरवावा.

फाउलरच्या काळच्या आणि आजच्या डिझायनरच्या बिलात नजरेची किंमत वेगळी लावलेली असते. ती त्यांनी जरूर लावावी. आपण ठसा कोरणाऱ्याच्या, छापणाऱ्याच्या आणि पडदा शिवणाऱ्याच्या नजरेची किंमत बिलात कधी लिहिली आहे का? ज्या घरात सगळी शोभा कापडाची आणि हातकामाची आहे, तिथे ती लिहिण्याचा हक्क आपल्याला आहे. येत्या हंगामाची खरेदी करण्याआधी व्यापारी बंधूंनी दोन तास काढून खालच्या फळीवरचा माल वर घ्यावा, धुऊन पारखावा, त्याच्यावर कारागिराच्या गावाचे आणि कामाचे खरे नाव लिहावे आणि मग दर ठरवावा.